खडूची रेघ दोनदा वर आली

"सारख्याच नाण्याभोवती नाणं न घसरता कडेकडेनं फिरवत नेलं, तर ते स्वतःभोवती एकदाच फिरतं," असं ठणकावून मी लेकीचं 'दोनदा' हे उत्तर लाल पेनानं खोडलं. तिनं वही मिटून दप्तरात टाकली.

दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या कामाला शहागंजात गेलो, तेव्हा लेथवाल्या चाचांना सहज विचारलं. त्यांनी दोन सारखी दातेरी चाकं घेतली. एकावर खडूची रेघ ओढली, दुसरं अंगठ्यानं दाबून धरलं आणि दातांत दात अडकवून पहिलं त्याच्याभोवती फिरवलं. अर्ध्या वाटेतच रेघ पुन्हा वर! पूर्ण फेरीत दोनदा.

"लोखंड खोटं बोलत नाय, साहेब. पोरीला आमचा सलाम सांगा."

छाती फुगवून परतताना मी तीन शेजाऱ्यांना लेकीची हुशारी ऐकवली. बायको म्हणाली, "गल्लीला सांगून झालं असंल, तर आता तिलाबी सांगा, चूक तुमची होती म्हणून."