पाठ लागली म्हणून हरला?

शनिवारी सकाळी आम्ही नवरा-बायको तांदूळ निवडत बसलो होतो आणि भांडत होतो. तांदूळ तिच्या माहेरचा, तळेघरच्या वरच्या अंगाचा. भांडण मात्र परदेशातल्या दोन माणसांवरून. त्यांची पिंजऱ्यातली लढत दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी टीव्हीवर लागणार होती. त्यातला एक समोरच्याचे पाय धरून त्याला खाली घेणारा. त्याला ती दाढीवाला म्हणायची. दुसरा उंच, लांब हातापायाचा, लांबूनच ठोसे आणि लाथा घालणारा. त्याचं नाव तिनं ढांग्या ठेवलं होतं. खरी नावं आमच्या दोघांच्याही जिभेवर बसत नव्हती आणि त्यावाचून आमचं काही अडत नव्हतं.

मी ढांग्याच्या बाजूचा, ती दाढीवाल्याच्या. मी तरुणपणी जत्रांतून कुस्त्या केलेला माणूस, तर मी धरणाऱ्याच्या बाजूनं असायला पाहिजे, असं कोणालाही वाटेल. पण कुस्ती केली म्हणूनच मला त्याची अडचण दिसत होती.

"ढांग्याचा हात बघ केवढा," मी म्हणालो. "दाढीवाल्याला पटात शिरायला एक पाऊल जास्त टाकावं लागणार. वाकून पायाला मिठी मारायला गेला, की त्याच पावलावर गुडघा बसंल तोंडावर. खल्लास."

तिनं सुपातला खडा उचलून माझ्याकडंच टाकला. "तुमी हातच बघताय. पाय बघा की. त्यो उजव्या हातानं मारतो तवा सगळा भार डाव्या पायावर टाकतो. भाराचा पाय झटक्यात उचलता येतोय व्हय? त्योच धरायचा."

"धरला तरी पाडणार कुठं? जाळीला पाठ टेकून उभा राहील त्यो."

"राहू द्या की उभा. ओझं डोक्यावर असलं तर माणूस डोंगर चढतो. कमरंला लोंबलं की चार पावलं टाकवत न्हाईत. दाढीवाला नुसता लोंबला तरी ढांग्या दमंल."

नाचणीची ओझी डोक्यावर घेऊन डोंगर चढलेली बाई ती. पण मी गप बसणारा नव्हतो. "आणि लोंबता लोंबता दाढीवालाच खाली आला तर? उताणा पडला तर?"

"पडंल. मग खालनं धरंल."

"पाठ लागल्यावर काय धरतोय? पाठ लागली की संपलं."

"तुमच्या आखाड्यात संपत असंल. हितं पाठीला काय बी किंमत न्हाई. उद्या बघा."

तिचं हे उद्या बघा म्हणणं मला चांगलंच माहीत होतं. त्यात नेहमी थोडी खोड असायची.

हे पाठीचं भांडण आमचं जुनं. आमच्याकडं जत्रेत आखाडा भरतो, तिथं नियम एकच. दोन्ही खांदे मातीला लागले की तू हरलास. मग वर बसलेला कितीही दमलेला असो, खालच्याच्या अंगात कितीही जोर असो. हलगी वाजते, फेटा वरच्याच्या डोक्यावर. मी त्याच नियमात वाढलो. त्यामुळं टीव्हीवर एखादा उताणा पडला की मी म्हणायचो, झालं, लागला निकाल, आणि उठून पाणी प्यायला जायचो. तांब्या भरून परत येतो तर खालचा जिंकलेला असायचा. वरच्याची मान खालच्याच्या मांड्यांत अडकलेली, नाहीतर हात उलटा पिळलेला, आणि पंच मधे पडून सोडवतोय. ती पदर तोंडाला लावून हसायची. "या, पैलवान. प्याला का पाणी?"

तिला ही चूक कधी झाली नाही. त्याचं कारण सांगतो, आणि ते सांगताना मला आजही राग येतो. बायकांनी आखाड्याजवळ यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पाळण्याजवळ थांबा, बांगड्यांच्या दुकानात थांबा, पण आखाड्याकडं फिरकायचं नाही. लंगोटावर माणसं असतात म्हणे. अरे, त्याच माणसांना न्हाऊ घालून वाढवलं कोणी? ती वारूळवाडीत नांदायला आली तेव्हा मी भरात होतो. निरगुडसरपर्यंत जाऊन कुस्त्या मारल्या. तिनं त्यातली एकही पाहिली नाही. हलगी ऐकायची लांबून, आणि संध्याकाळी माझ्या पाठीला माती आहे की नाही यावरून निकाल ओळखायची. पाठ साफ असली तर काही विचारायची नाही. माती असली तरी विचारायची नाही. गरम पाणी काढायची.

म्हातारपणी लेकीनं टीव्हीला नेट जोडून दिलं, तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा दोन माणसं झुंजताना नीट पाहिली. पाठ लागली म्हणजे हार, हे तिच्या डोक्यात कोणी घातलेलंच नव्हतं. म्हणून ती खालच्या माणसाचे हात कुठं आहेत, पाय कुठं आहेत, तेवढंच बघायची. सासूसुनांच्या मालिका तिनं सोडून दिल्या. म्हणायची, "तिथं बायका नुसत्या डोळं वटारत्यात. कोणी कोणाला हात लावत न्हाई."

त्या दिवशी तांदूळ निवडून झाला. तिनं भात टाकला, आम्ही जेवलो. जेवल्यावर म्हणाली, छातीत जड वाटतंय, जरा पडते. मी शेजारच्याची गाडी आणेपर्यंत तिचे हात गार पडले होते. नारायणगावच्या डॉक्टरनं नुसतं बघितलं आणि मान हलवली. लेक निरगुडसरला दिलेली, ती तासाभरात आली. दिवस मावळायच्या आत मी बायकोला अग्नी दिला.

एवढंच. याच्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते पुढचं.

स्मशानातून परत आलो, अंगणात माणसं बसली होती. माझा चुलतभाऊ, माझ्याहून थोडाच थोरला, आम्ही एकाच तालमीत घुमलेलो. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, बायकांत बसलेली. मी ऐकतोय हे तिला माहीत होतं, तरी बोलली.

"रक्ताच्या मारामाऱ्या बघून बघून काळीज फुटलं बाईचं. बाईमाणसानं बघायचं असतंय का ते? आन् या वयात बघायचं?"

चार बायकांनी माना डोलावल्या. मी उभाच राहिलो.

"वहिनी, तिला काय कळत व्हतं त्यातलं, ते तुमच्या नवऱ्याला जन्मात कळणार न्हाई," मी म्हणालो.

"भावजी, मेल्या माणसाचं वाईट बोलत न्हाई मी. पण बाईला त्यातलं कळून काय करायचं व्हतं?"

काय करायचं होतं! मला सांगा, त्या अंगणात बसलेल्यांपैकी कोणाला काय कळून काय करायचं होतं? क्रिकेटमधलं सगळं कळणारी माणसं गल्लोगल्ली पडली आहेत. त्यांना कोणी विचारत नाही. माझी बायको ठोशातला आणि धरण्यातला फरक ओळखते, तर ती मेल्यावर पहिला दोष तोच. दुखवट्याला येताना पिठलं-भाकरी घेऊन आली वहिनी, ते मी मानतो. पण भाकरीबरोबर हे पण आणायचं होतं का?

आमच्या भावकीत सावडायला दुसऱ्याच दिवशी सकाळी जातात. रविवारी उजाडताच आम्ही मीना नदीच्या काठी गेलो, राख सावडली, अस्थी काढून घेतल्या. पाण्यात उभा होतो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं. थोड्या वेळात ढांग्या आणि दाढीवाला पिंजऱ्यात उतरणार. तिनं उद्या बघा म्हटलं होतं, ते बघायला आता मी एकटाच उरलो होतो, आणि ते बघायचं राहिलं तर तिचं बोलणं अर्धंच राहणार होतं.

घरी आलो तर टीव्हीवर चादर टाकलेली, वायर काढलेली. वहिनीचं काम. सुतकात टीव्ही लावत नाहीत.

मी लेकीला म्हणालो, "लाव."

"आप्पा, लोक काय म्हणतील?"

"म्हणायचं ते कालच म्हणून झालंय. लाव."

बटणं मला कळत नाहीत, ती सगळी हिच्या आईकडं असायची. लेक रडत होती आणि वायर खोचत होती. मग माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली.

लढत सुरू झाली. पहिल्या फेरीत माझंच खरं होत होतं. ढांग्या लांबून पोटरीवर लाथा घालत होता, दाढीवाल्याची पोटरी लालभडक झाली. वाकायला गेला की ठोसा. दुसऱ्या फेरीत ढांग्यानं उजवा हात फेकला, भार डाव्या पायावर गेला, आणि दाढीवाल्यानं तोच पाय उचलला. अगदी तोच. मी लेकीच्या गुडघ्यावर हात आपटला. तो त्याला ढकलत जाळीपर्यंत घेऊन गेला आणि कमरेला लोंबकळला. ढांग्याचं तोंड उघडं पडलं. दमला! नुसतं लोंबून दमवला त्याला!

बाहेर वहिनीचा आवाज चढला. "शोभतंय का हे? आत्ता सावडून आलाय माणूस!" चुलतभाऊ दारात येऊन उभा राहिला. मला थांबवायला आला होता, पण नजर टीव्हीवर गेली आणि तो तिथंच राहिला.

मग ओढाओढीत दोघं पडले, आणि दाढीवाला खाली गेला. उताणा. पाठ पूर्ण लागलेली. माझे पाय आपोआप उठायला निघाले. मी ते आवरले.

खाली पडून त्या दाढीवाल्यानं काय काम केलं म्हणून सांगू! एका हातानं ढांग्याचं मनगट धरलं, पाय वर नेऊन त्याच्या खांद्यावर टाकला, मान मांड्यांत घेतली. ढांग्याचा चेहरा जांभळा झाला. घंटा वाजली म्हणून सुटला, नाहीतर मेला होता. तिसऱ्या फेरीत पुन्हा तेच. वर ढांग्या, खाली दाढीवाला. वरचा काय करत होता? काही नाही. डोकं छातीत खुपसून नुसता पडून होता, पोत्यासारखा. मधेच एखादी चापटी. खालचा एकेक हात मागत होता, आणि वरचा लपवत होता. तिथले प्रेक्षक शिट्ट्या मारून बोंबलत होते, दोघांना उठवून उभं करा म्हणून. हिंदीत समालोचन करणारा म्हणत होता, "ऊपर वाला पूरे कंट्रोल में है." कसला कंट्रोल? जीव वाचवत होता तो!

तीन फेऱ्या संपल्या आणि निकाल कडेला बसलेल्या तीन पंचांच्या हातात गेला. तिघांनी ढांग्याला दिला.

म्हणजे माझं खरं ठरलं. मीच ढांग्या म्हणालो होतो. पण असलं खरं काय चाटायचं होतं? तिनं सांगितलेला पाय धरला गेला, तिनं सांगितल्यासारखा तो दमला, खालून मान पण पकडली गेली. आणि पंचांनी बघितलं काय, तर कोण वर आहे. एवढ्या लांबच्या देशात, एवढ्या पगाराचे पंच, आणि अक्कल आमच्या जत्रेतली!

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.

चुलतभाऊ दारातून म्हणाला, "बरोबर दिला की निकाल. पाठ लागली व्हती खालच्याची."

"पाठ लागली म्हणून हरला?"

"मग काय जिंकला? तूच शिकवलाय ना ह्यो नियम पोरांना तालमीत, का विसरला?"

"चल भायेर."

"कशाला?"

"चल म्हणतो ना."

अंगणात भावकी बसलेली. मी शेणानं सारवलेल्या जमिनीवर उताणा पडलो, दोन्ही खांदे टेकून. लेक धावत आली, "आप्पा, काय करताय? उठा!"

"दादा, वर बस," मी चुलतभावाला म्हणालो.

"येडा झाला काय? दुखवट्याचं घर हाये."

"माझं घर हाये. बस."

वहिनी म्हणाली, "धरा रे कोणी त्यांना, डोकं फिरलंय." कोणी धरलं नाही. चुलतभाऊ धोतर सावरत, गुडघे जपत माझ्यावर बसला. जुनी सवय, हात बरोबर माझ्या खांद्यावर दाबले त्यानं. चेहऱ्यावर थोडं हसू पण आलं. "घे. लागली पाठ. आता?"

पाय वर नेऊन त्याच्या मानेत घालायचा होता, पण माझे गुडघे आता तेवढे वाकत नाहीत. म्हणून मनगट धरलं, कोपर माझ्या छातीवर ओढलं, कंबर वळवली आणि तिनं मला टीव्हीवर शंभरदा दाखवला होता तसा त्याचा हात पिळला. दादा बसल्या जागी कोलमडला.

"आरं आरं! सोड! मोडशील हात!"

"कोण हारलं?"

"सोड की, बाबा!"

"ती काल म्हणाली व्हती, खालनं धरंल म्हणून. तिला कळत व्हतं का न्हाई?"

"व्हतं."

"त्या वहिनीला ऐकू जाऊ दे."

"आगं, कळत व्हतं तिला! लई कळत व्हतं!" दादा भावकीसमोर, बायकोकडं तोंड करून ओरडला.

मी हात सोडला. दादा बाजूला बसून कोपर चोळत राहिला, आणि मी तसाच उताणा पडून रडलो.