कुसाबाई आणि फावड्या

मखमलाबादच्या मळ्यांमध्ये कुसाबाईची किळस सगळ्यांना ठाऊक होती. पंगतीत वाढप्याचा अंगठा वरणात बुडालेला दिसला की ती भरल्या पानावरून उठायची. एका घरी दुधावरची साय बोटाने बाजूला केलेली तिने पाहिली, तर त्या घरचा चहा तिने पुन्हा कधी घेतला नाही. नवरा गेणू जेवताना नुसता खाकरला तरी ती आपलं ताट उचलून ओट्यावर जाऊन बसे. गोम, पाल, गोगलगाय, शेणातली अळी, काहीही नजरेला पडलं की तिच्या नाकपुड्या आवळायच्या, खांदे कानांपर्यंत चढायचे आणि तोंडातून लांबलचक "ईऽऽ शी शी शी" निघायचं. पन्नाशी उलटली तरी यात तसूभर फरक पडला नव्हता.

आणि याच बाईने गांडुळं पाळली होती.

झालं असं होतं की झेंडूवर फवारणी करून करून गेणूच्या हातांना, मानेला चट्टे उठले. डॉक्टरांनी औषधाच्या पंपाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यात गावातल्या बचत गटात गांडूळखताचं प्रशिक्षण निघालं आणि औषधावाचून शेती जमते का बघायला कुसाबाई गेली. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकीच्या ओंजळीत मूठभर गांडुळं ठेवली. कुसाबाईने किंचाळून ती उडवली, त्यातलं एक शेजारणीच्या अंबाड्यात जाऊन पडलं, आणि ही भिंतीआड जाऊन ओकली. तरी दुसऱ्या दिवशी ती परत गेली, कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे घालून आणि घरून एक जुनं उलथनं घेऊन.

त्याला आता आठ वर्षं झाली होती. मळ्याच्या कडेला हिरव्या जाळीखाली तिचे गांडूळखताचे चार वाफे होते, विटांनी बांधलेले. हातमोजे सुटले नव्हते, उलथनं सुटलं नव्हतं, उघड्या बोटाने तिने एकदाही गांडुळाला शिवलं नव्हतं. पण वाफ्याला पाणी जास्त झालं की कमी, ते तिला नुसत्या वासावरून कळायचं. कुणी विचारलं की म्हणायची, "किळस येती ना. रोज येती. म्हून काय काम सोडायचं?"

गेल्या श्रावणात दुसऱ्या वाफ्यातली गांडुळं कमी व्हायला लागली. आधी तिला वाटलं, घुशी लागल्या. मग मुंग्यांवर संशय आला. तिने कडेने राख टाकली, पाण्याची नळी गुंडाळून दूर ठेवली. काही उपयोग नाही. खत काळं पडायचं थांबलं, शेण तसंच ओलं, जड पडून राहिलं.

एका पहाटे फुलं तोडायला जाण्याआधी तिने वाफ्यावरचं गोणपाट उचललं आणि ती जागीच थिजली.

गोणपाटाच्या पोटाला एक लांब, चपटी, पिवळट पट्टी चिकटली होती. वीतभर. पाठीवरून काळी रेघ गेलेली. शेंबूड वाळायच्या आधी जसा चमकतो तशी चमकत होती. एका टोकाला फावड्यासारखं रुंद, अर्धगोल डोकं, आणि ते डोकं इकडेतिकडे वळत काहीतरी हुंगत होतं. मधल्या अंगाने त्या पट्टीने एका गांडुळाला विळखा घातला होता. पट्टीच्या पोटातून पांढरं, झालरीसारखं काहीतरी बाहेर आलं होतं आणि ते गांडुळावर पसरलं होतं. त्या झालरीखाली गांडूळ विरघळत होतं. साखर पाण्यात विरघळते तसं, पण हळू, आणि जिवंतपणी.

कुसाबाईने तोंड फिरवलं आणि रात्रीचं सगळं बाहेर काढलं. मग पदराने तोंड पुसून तिने खुरपं घेतलं आणि त्या पट्टीचे तीन तुकडे करून वाफ्याच्या कडेलाच भिरकावले.

त्या दिवसापासून पहाटेचं तिचं तेच काम झालं. गोणपाट उचलायचं, फावड्या शोधायचा (हे नाव तिनेच ठेवलं), खुरप्याने कापायचा, तोंडातली थुंकी थुंकायची आणि फुलं तोडायला जायचं. कधी दोन सापडायचे, कधी चार. पंधरा दिवस असं कापल्यावर एका पहाटे तिला अकरा दिसले, आणि त्यातले बरेचसे बारके होते.

"लय पिल्लं घातलीत मेल्यानं," ती घरी येऊन म्हणाली.

तिची सून हर्षाली कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली. लग्नानंतर फुलांचा हिशेब नि बाजार बघत होती, पण कॉलेजातल्या प्रफुल्ल सरांचा नंबर तिच्याकडे अजून होता. तिने फावड्याचा फोटो काढून सरांना पाठवला. दहाच मिनिटांत सरांचा फोन आला. हर्षालीने तो सासूला ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"मावशी, तुम्ही याला कापलंत का?" सरांनी विचारलं.

"कापनार नाय तर काय पूजा करनार? तीन-तीन तुकडे केले एकेकाचे."

"मग एकाचे तीन झाले. तुकड्याला डोकं फुटतं, नवीन. शेपटीच्या टोकालासुद्धा. तो स्वतःच शेपटीचा तुकडा मागे सोडून जातो, त्याचाही पुढे दुसरा होतो. हा गांडुळं खाणारा चपटा कृमी आहे. उघड्या हाताने धरू नका, त्याच्या अंगात विष असतं."

पंधरा दिवस आपण वाफ्यात हे पेरत होतो, हे कुसाबाईच्या ध्यानात आलं. पण दुसऱ्याच क्षणी तिने मान झटकली. "कायतरीच. बोकडाचा पाय तोडला तर पायाला काय मुंडकं येतं व्हय?"

तिचा विश्वासच बसला नाही. म्हणून तिने लोणच्याची एक जुनी काचेची बरणी घेतली, तिच्यात ओली माती घातली, एका फावड्याची बोटभर शेपटी चिमट्याने उचलून आत टाकली आणि तोंडाला फडकं बांधून बरणी गोठ्याच्या फळीवर ठेवली. गेणू म्हणाला, "अगं, ज्याला बघून ओकतीस त्याला घरी कशाला आणलंस?"

"घरी कुठं, गोठ्यात ठिवलंय," ती म्हणाली.

रोज दोनदा ती नाकाला पदर लावून बरणीत डोकावायची. पहिले चार दिवस तो तुकडा मातीवर नुसता पडून होता, ओल्या चामड्याच्या चिंधीसारखा. तिला बरं वाटलं. सरांचं खोटं निघालं. पाचव्या दिवशी चिंधी हलली. सातव्या दिवशी तुटलेल्या कडेला पांढुरका, कोवळा कोंब दिसला. दहाव्या दिवशी तो कोंब पसरून छोटंसं फावडं झालं आणि काचेवरून वर चढायला लागलं, आपल्या मागे चिकट रेघ सोडत.

कुसाबाईच्या हातातली शेणाची पाटी तशीच राहिली. जिला डोळे नव्हते, तोंड नव्हतं, काहीच नव्हतं, त्या शेपटीला आता डोकं होतं, आणि ते डोकं तिच्याकडे वळून थांबल्यासारखं वाटत होतं. तिच्या अंगावर काटा आला. तो काटा नुसत्या किळसेचा नव्हता, हे तिला कळलं, आणि ते कळल्याचा तिला जास्त राग आला. त्या दुपारी तिला भाकरी गेली नाही.

रविवारी प्रफुल्ल सर मळ्यात आले. पस्तिशीचा, चष्म्याचा, बोलताना हात हलवणारा माणूस. बरणी उन्हाकडे धरून ते म्हणाले, "काय सुंदर आहे हो हे!"

"सुंदर?" कुसाबाई बाजूला थुंकली. "सर, तुम्ही जेवून आलात का?"

सर हसले. फावड्याचं तोंड डोक्यात नसतं, पोटाच्या मध्यावर असतं, हे त्यांनी तिला दाखवलं.

"मग हागतं कुठून?"

"त्याच तोंडाने."

कुसाबाईने दोन्ही हात कानांवर ठेवले. हर्षाली पदरात तोंड घालून हसायला लागली. हसता हसता ती एकदम गप्प झाली, कारण सर ओसरीवरच्या कुंड्या तपासत होते. या शोभेच्या कुंड्या तिनेच उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून आणल्या होत्या. सरांनी एक कुंडी तिरकी केली. बुडाखाली दोन फावडे गुंडाळी करून बसले होते.

"आई, मीच आणले हे," हर्षाली रडवेली झाली.

"तू झाडं आनली. हे मेले फुकटात आले," कुसाबाई म्हणाली. "मीठ आन आतून. अन् गरम पानी."

सरांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी कापणं बंद केलं. पहाटे चिमट्याने उचलायचं आणि खाऱ्या पाण्याच्या डब्यात टाकायचं. डब्यात ते आकसून, विरघळून करड्या रंगाचा चिखल व्हायचे आणि त्याला असा वास यायचा की डबा ओतायचं काम गेणूच्या वाट्याला आलं. सरांनी बरणी कॉलेजसाठी मागितली होती. कुसाबाईने दिली नाही. "ह्याला मी माझ्या हातानं मारनार," ती म्हणाली.

पण मारलं नाही. आज मारू, उद्या मारू, असे आठ दिवस गेले. फावड्या सुकत चालला, बारीक झाला. तिला आठवत होतं ते गोणपाटाखालचं पांढरं, पोटातून निघालेलं. तेव्हा तिने तोंड फिरवलं होतं. शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं.

एका सकाळी घरात कुणी नसताना तिने तिसऱ्या वाफ्यातून उलथन्यावर एक गांडूळ घेतलं. चांगलं लाल, धडधाकट. बरणीचं फडकं सोडलं आणि ते आत टाकलं.

गांडूळ मातीत तोंड खुपसायला धडपडलं. फावड्याने आधी नुसता स्पर्श केला, मग विळखा. गांडुळाने झटके दिले, वळवळलं, अंगाचं वेटोळं केलं. पोटातून ती झालर आली. कुसाबाई पाटावर बसून पाहत राहिली. दोनदा तिच्या घशाशी आलं, दोनदा तिने गिळलं. अर्ध्या तासाने गांडूळ नव्हतं, आणि फावड्याचं अंग आतून तांबूस, फुगलेलं दिसत होतं.

मग तिला आपल्या हातातलं उलथनं दिसलं. आठ वर्षं या उलथन्याने तिने गांडुळांना ऊन लागू नये म्हणून इकडून तिकडे नेलं होतं. आणि आज नुसतं बघायला मिळावं म्हणून त्यांतलंच एक तिने उचलून दिलं होतं. फावड्याला निदान भूक होती. आपल्याला काय होतं? तिला स्वतःच्या हातांची अशी किळस आली की रबरी मोजे काढून तिने कोपरापर्यंत हात राखेने घासले, तांबडे होईपर्यंत.

त्यानंतर तिने बरणीत मूठभर मीठ ओतलं. फावड्या पिळवटला, फेसाळला आणि विरघळला. तेही तिने शेवटपर्यंत पाहिलं. बरणी मात्र धुतली नाही, सरळ फोडून पुरून टाकली.

दसऱ्यापर्यंत वाफ्यात फावड्या सापडेनासा झाला. दुसरा वाफा पार मोकळा करून तिने चुन्याने रंगवला आणि दिंडोरीच्या एका बाईकडून नवीन गांडुळं आणली, तीही आधी परातीत पसरून एकेक तपासून.

दिवाळीच्या सुमारास प्रफुल्ल सरांचा फोन आला. बरणीतल्याचं काय झालं, त्यांनी विचारलं.

"मारलं," कुसाबाई म्हणाली. गांडूळ घातल्याचं तिने त्यांनाही सांगितलं नाही, हर्षालीलाही नाही. मग म्हणाली, "सर, एक इचारू? एकाचे तीन तुकडे केले, तिन्हीला डोकी आली. मग त्यातलं आधीचं कोनतं? पहिल्याला जे ठावं होतं, ते शेपटीला ठावं असतं का?"

सर म्हणाले, "मावशी, खरं सांगू का? शेपटीला काय ठाऊक असतं, ते मला नाही सांगता येणार. आणि आधीचं कोणतं, याचं उत्तर कुणी देऊ शकेल असं मला वाटत नाही."

"शिकलेल्यालाबी नाय?"

"नाही."

कुसाबाईने फोन सुनेच्या हातात दिला. "कसलं घान जनावर," ती स्वतःशीच म्हणाली, हातमोजे चढवले आणि वाफ्याकडे निघाली. चार पावलांवर थांबून तिने हर्षालीला हाक मारली, "सरांला इचार, सुट्टीत येतील का परत. मातीत आनखी काय काय असतं ते बघायचंय म्हनावं." आणि बाजूला थुंकून ती पुढे गेली.