खिडकी बदलताना

ऑफिसात त्याला सगळे ‘मास्तर’ म्हणत, कारण साधी गोष्टही तो फोड करून सांगत बसायचा. घरून काम करणाऱ्यांवर नजर ठेवणारं एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटासा प्रोग्रॅम, त्यानं लिहिलं होतं. ब्राउझरची खिडकी सोडून माणूस दुसरीकडे वळला, की ते गुपचूप नोंद करायचं.

त्यात एक खोट राहिली होती. ब्राउझरच्याच एका खिडकीतून दुसरीत जाताना संगणक निमिषभर कळवतो, ‘समोर कुठलीच खिडकी नाही.’ एक्स्टेंशनला वाटायचं, स्वारी काम टाकून गेली!

“जरा थांबून पुन्हा तपासायला हवं, साहेब,” मास्तर म्हणाला. “नाहीतर मान मोडून काम करणारेच पकडले जातील.”

“पुढच्या खेपेला बघू. आधी हे बाजारात जाऊ दे.”

मास्तरनं मान डोलावली. उगाच वाईटपणा कशाला घ्या?

ते एक्स्टेंशन घेणाऱ्या एका कंपनीत त्याची थोरली बहीण होती. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. ती ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. एका खिडकीत तक्रार, दुसरीत नियम. शब्द न् शब्द ताडून पाहिल्याशिवाय उत्तर धाडायची नाही. त्यामुळे खिडक्या सारख्या बदलायच्या, आणि नोंदीत ताई सारखी गायब दिसायची.

तिला काढून टाकलं.

“काम सोडून भटकते म्हणे मी,” ताई कसनुसं हसली. “पाणी प्यायलासुद्धा उठत नव्हते रे.”

त्यानं अडखळत सगळं सांगितलं.

“म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“साहेबांच्या कानावर घातलं होतं मी.”

“एकदाच?”



दुसऱ्या दिवशी कुणालाही न विचारता त्यानं ती खोट काढली. दोन-चार ओळींचं तर काम! साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. मग त्यानं ताईच्या कंपनीत फोन लावला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, “दुरुस्ती आत्ताची आहे ना? मग जुन्या नोंदी आम्ही कशा बदलणार?”

पुढे ताईला एका दवाखान्यात फोन घ्यायचं काम मिळालं. तो गेला की ती अजूनही जेवल्याशिवाय सोडत नाही, त्याच्या पोरीच्या खोकल्याची चौकशी करते. पण पूर्वी शेजारणींना ती कौतुकानं सांगायची, “माझा भाऊ संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो.” आता कुणी विचारलं तर त्याच्यासमोरच म्हणते, “असतो कुठल्याशा ऑफिसात.”