बाटलीची गाठ

माझ्या लेकीला सिकलसेल आहे. हिमोग्लोबिन आठच्या वर कधी गेलं नाही. तारीख उलटली, बाळाभोवतीचं पाणी कमी झालं, तेव्हा गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "कळा आणाव्या लागतील. ऑपरेशन हिला झेपणं कठीण. आणि हिच्या गटाच्या रक्ताची एकच पिशवी आहे."

गर्भपिशवीच्या तोंडात त्यांनी रबरी नळी घातली आणि टोकाचा फुगा सलाइनने फुगवला. त्याच्या दाबाने तोंड उघडतं. तीनेक सेंटीमीटर झालं की फुगा आपोआप पडतो. ओढ राहावी म्हणून नळीला पट्टीने सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली बांधून पलंगाच्या पायथ्याशी लोंबती सोडली.

शेजारच्या पलंगावर तिसऱ्या खेपेची बाई होती, तलावावर मासे धरणाऱ्या घरातली. तिलाही फुगाच घातला होता. तिला खोकला आला आणि तो पडला.

"पाह्य व पोरी, खोकल्यानंच पडला," ती लेकीला म्हणाली. "आमचं दार उघडंच राह्यते. तुयं नवं हाय, करकरते थोडं."

लेक हसली. त्या बाईला आत नेलं आणि थोड्या वेळाने बाळाचं रडणं ऐकू आलं. आमची बाटली तशीच लोंबत होती.

विहीणबाई सकाळपासून गाठी सोडत होत्या. बाई अडली की आमच्याकडे घरात एकही गाठ बांधलेली ठेवत नाहीत. त्यांनी सुनेची वेणी सोडली, गळ्यातला दोरा काढला, डब्याचं फडकंही सोडलं. मी पाणी भरून परत आले, तर बाटली फरशीवर उभी होती.

"काऊन सोडली व बाई?"

"गाठ होती न! वरतून वजन. पोरगी मोकळी कशी होईल?"

सिस्टर धावत आली. "आजी, ही गाठ माही हाय. हात लावसान तं बाहेर बसवीन!"

तिने गाठ पुन्हा बांधली. ओढ किती वेळ सुटली होती, ते विहीणबाईंना सांगता येईना.

संध्याकाळी फुगा पडला. मला हायसं वाटलं. मग पाणी फुटलं, ते हिरवं होतं; बाळाने आतच शी केली होती. सिस्टरने पोटावर यंत्र ठेवलं. मी बाळाचे ठोके मोजायला लागले की ते मध्येच मंदावत. डॉक्टरीणबाई "ऑपरेशन" एवढंच म्हणाल्या आणि लेकीला आत नेलं.

"एकच पिशवी हाय," मी म्हणाले.

विहीणबाई माझ्या पदराकडे पाहत होत्या. घराच्या किल्ल्या मी त्यात गाठ मारून ठेवते. एरवी मी चिडले असते. पदर त्यांच्यापुढे धरला. त्यांच्याने गाठ सुटेना. शेवटी मीच दातांनी सोडली. किल्ल्या खाली पडल्या.

दार किलकिलं करून सिस्टर म्हणाली, "पोरगी झाली. पण रक्त थांबून नाई राह्यलं. हा कागद रक्तपेढीत न्या, चंद्रपूरवरून पिशवी मागवा म्हणा. पळा!"

आम्ही दोघी पळालो. किल्ल्या कोणी उचलल्या नाहीत.