सुकटीचा डबा

सगळ्यांना जय भीम, नमस्कार. आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आणि आता आहे असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. आमच्या घरात भूत हा शब्द फक्त चेष्टेत यायचा. पप्पा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. "मेलेली माणसं परत येत असती तर आधी ओव्हरटाइम मागायला आली असती," असं म्हणायचे. मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंग करते... म्हणजे बिघाड कशामुळे झाला हे शोधण्याचाच पगार घेते. तरीही हे लिहितेय.

पप्पांची एक पद्धत होती. भांडं रिकामं परत द्यायचं नाही. कारखान्यातच डबा घासून-पुसून त्यात काहीतरी टाकून घरी आणायचे, बहुतेक वेळा रस्त्याकडेची चिंच. आई डबा उघडायची, चिंच बघायची आणि मगच जेवायला बसायची. त्याआधी तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आम्ही दोघं भावंडं तिला यावरून खूप चिडवायचो.

रिटायरमेंट अगदी तोंडावर आली असताना कामावरच पप्पांना हार्ट अटॅक आला. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच भरलेला घरी आला.

आम्ही बौद्ध पद्धतीनं पुण्यानुमोदन केलं. श्राद्ध, पिंड, कावळा यातलं काही नाही. ते पप्पांना चाललंच नसतं. कारखान्याचं क्वार्टर सोडून आई आणि मी वारज्याला दादा-वहिनीकडे राहायला आलो. पण आईचं डबा भरणं काही थांबेना. रोज सकाळी भाकरी आणि सुकट भरायची, संध्याकाळी उघडायची, भरलेला बघायची आणि स्वतः दोन घास खाऊन उठायची. वर्षभरात तिचे ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत. मला मात्र भीती वाटायला लागली होती, की आई आमच्या डोळ्यांदेखत संपत चाललीये.

म्हणून जानेवारीत दादानं दिवेआगरची टूम काढली. पप्पा दर थंडीत आम्हाला स्वारगेटहून एसटीनं तिथे न्यायचे. आईला जरा बरं वाटेल, हा हिशोब. पहाटे निघालो, सकाळी समुद्रावर. आई पाण्यात पाय घालून बराच वेळ उभी राहिली. दुपारी सुरूच्या झाडांखाली चादर पसरली. माणसं चार. आईनं पिशवीतून पाचवा डबा काढला.

"आई, हे नैवेद्यासारखंच झालं की," दादा म्हणाला. "पप्पा रागावले नसते का?"

"नैवेद्य नाही रे हा," आई म्हणाली. "ते येणार नाहीत, मला कळतं. हातांना कळत नाही, त्याला मी काय करू?"

दादानं भाकरी मोडली आणि आम्ही जेवलो. आईनं नेहमीसारखे दोन घास खाल्ले. निघताना तो डबा मीच उचलला. जड होता, कड्या घट्ट लावलेल्या. माझ्या पिशवीत टाकला आणि गाडीत पिशवी पायांमध्ये ठेवली. सुकटीचा वास असा सुटला होता की वहिनी म्हणाली, "अहो, एसी राहू दे, काचा खाली घ्या." ताम्हिणी घाटात चहासुद्धा आम्ही गाडीत बसूनच प्यायलो. आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. पुढे कधीतरी वास यायचा थांबला. पण वास थांबला हे कुठे लक्षात येतं? तेव्हा नाहीच आलं.

वारज्यात पोचलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. मी स्वयंपाकघरात पिशवी रिकामी करायला घेतली आणि डबा हातात आला... हलका. उघडला. आत लख्ख घासलेला, कोरडा. सुकटीचा वास तर साबणानं घासला तरी दोन दिवस जात नाही, इथे नावालाही नव्हता. तळाशी एक गाभुळलेली चिंच.

"दादा, हे तू केलंस?" मी डबा त्याच्यापुढे धरला.

त्यानं डब्यात बघितलं, नाकाशी नेऊन वास घेतला. "अगं, मी गाडी चालवत होतो," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात आई आत आली. तिनं चिंच उचलली, एक बुटूक मोडून तोंडात टाकलं. आंबट लागून डोळे मिटले. मला वाटलं रडेल, पण नाही.

"आज फार उशीर झाला यांना," ती म्हणाली. मग वहिनीकडे वळून, "वैशाली, दोन भाकऱ्या टाकतेस का गं? भूक लागलीये."

त्या संध्याकाळी ती आमच्याबरोबर बसून पोटभर जेवली. मी भाकरी वाढत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं डबा भरला नाही. पुन्हा कधीच नाही.

मी माझ्या परीनं सगळं तपासलं. डब्यांची अदलाबदल? झाकणावर पप्पांचं नाव कोरलंय. वहिनी? ती पुढच्या सीटवर होती. आई? तिचा हात सबंध प्रवासात माझ्या हातात होता. चिंच कुठेही मिळते, मान्य, पण डब्यात कशी आली?

पप्पांना हे लिहिलेलं मुळीच आवडलं नसतं. म्हणाले असते, "नीट शोध, कारण सापडेल." शोधतेय पप्पा. फार मनापासून नाही, एवढंच.