मामीची उरली वेलांटी

आमच्या मामाने तीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केले. टाइपरायटर संपले, मामा काही संपला नाही. तो आता हाताने कीबोर्ड बांधतो. कुठल्या बटणाखाली कसली स्प्रिंग हवी, हे तो गिऱ्हाइकाची बोटं बघून ठरवतो. गिऱ्हाईक आजवर एकच मिळालंय, छापखान्यातल्या मुद्रितशोधक बाई. त्या पाच वाजता कीबोर्ड न्यायला येणार होत्या. ही ऑर्डर फसली तर कामाचं टेबल शिवणयंत्राला द्यायचं, असा मामाचा मामीशी करार होता. मी तीनला पोहोचले तेव्हा मामी टेप लावून टेबल मोजत होती.

"अजून दोन तास आहेत," मामा म्हणाला.

"नुसतं मोजतेय. मोजायला काय जातंय?"

झालं होतं असं, की मामाने कीबोर्ड तपासला होता, पण कानाने. टाइपरायटरवाल्याची खोड. एकूणएक बटण दाबून आवाज ऐकला, 'ठणठणीत' असा शेरा मारला आणि झाकण लावलं. संगणकाला जोडला तो थेट आज दुपारी. पहिला शब्द अर्थातच 'मामा'. पडदा कोरा. मग 'मामी' लिहिलं, तर नुसती वेलांटी उमटली.

"माझी वेलांटी तरी उरली," मामी म्हणाली. "तुमचा तर मागमूस नाही."

मामाने म-चं बटण तीनदा बदललं होतं, कान्याचं दोनदा. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली भाची, म्हणून शेवटी मला फोन. मी पाहिलं, तर म, काना आणि अक्षराचा पाय मोडायचं बटण, तिन्ही एकाखाली एक, एकाच उभ्या ओळीत. तिघं एकदम आजारी पडत नाहीत.

"मामा, बटणं चांगली आहेत. दोष कंट्रोलरमध्ये आहे. तो मुकादमासारखा ओळीओळीने हजेरी घेतो. या ओळीकडे तो फिरकतच नाहीये."

"म्हणजे मुकादमच कामचुकार. मी उगाच बटणांना बोललो."

मी कंट्रोलर खोबणीतून अलगद उपटला. त्याच्या चोवीस पायांपैकी एक पोटाखाली दुमडला होता. मामाने कंट्रोलर अंगठ्याने दाबून बसवला होता, टाइपरायटरच्या जोराने.

"मांडी घालून बसलाय," मामा कौतुकाने म्हणाला.

मी चिमट्याने पाय सरळ करायला गेले आणि तो तुटला.

"शिकलेली माणसं," मामा एवढंच म्हणाला. मामीने टेप पुन्हा उलगडला.

मी चिमटा खाली ठेवला. मामाने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, बारीक तारेचा तुकडा कापला आणि श्वास रोखून तुटक्या पायाच्या जागी डाख दिला. सांधा शोधूनही सापडेना. कंट्रोलर मात्र या खेपेला मी बसवला. मामाने 'मामा' टाइप केलं. आलं. एकदा पाहून त्याचं समाधान होईना, म्हणून ओळभर केलं.

बाई पाचला आल्या. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "पुनरुक्ती फार आहे." मग बसल्या आणि पानभर टाइप केलं, एकदाही खाली न बघता.

"आवाज छान आहे हो याचा."

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कानाने घेतलेली परीक्षाच खरी ठरली होती.

"छापखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या दोघींनाही असेच हवेत," बाई म्हणाल्या.

मामी टेप घेऊन पुढे आली आणि कीबोर्ड मोजू लागली. "उघडाच नेणार का? खोळ शिवून देते."

"मग टेबल लागेल तुला," मामा म्हणाला.

"कोपरा पुरे."