काटा मधोमध असताना

सुरळीत चाललेल्या गोष्टीवर इतक्या मनापासून अविश्वास ठेवणारा माणूस उभ्या पार्ल्यात दुसरा सापडणार नाही. हा माझा शाळेपासूनचा मित्र. वैमानिक तयार करणाऱ्या अंधेरीच्या एका कंपनीत सिम्युलेटर आहे, म्हणजे जमिनीवरून न हलणारं खोटं विमान. तिथे हा नोकरीला. विमान उतरताना धावपट्टीजवळून रेडिओचे संकेत येतात आणि वैमानिकापुढचा काटा मधोमध असला की वाट बरोबर. या संकेतांत चुका घालणं हे माझ्या मित्राचं काम. वाटेत उभ्या राहिलेल्या ट्रकमुळे संकेत किती वाकेल, हे तो महिना महिना गणित करून काढतो. व्हिजिटिंग कार्डावर त्याचा हुद्दा तीन ओळींचा आहे. ‘चूक’ हा शब्द त्यात कुठे नाही.

डॉक्टरांनी रक्तदाब उत्तम सांगितला, तर त्याने ते यंत्र आधी त्यांच्याच दंडाला बांधायला लावलं. आमच्या सोसायटीची सभा भांडणाविना संपली, तेव्हा इतिवृत्त मागून घेऊन वाचणारा तो एकटाच. त्याची लाडकी चूक म्हणजे काटा मधोमध, अगदी स्थिर, आणि विमान भलतीकडे. ‘हलणारा काटा प्रामाणिक असतो रे,’ तो मला सांगे, ‘न हलणाऱ्यापासून सांभाळ.’

हे ऐकत त्याची मुलगी जेवली, वाढली आणि वैमानिक व्हायला निघाली. नोकरी मिळण्याआधीची शेवटची परीक्षा नेमकी याच सिम्युलेटरवर आली. नसती कुजबुज नको म्हणून याने त्या दिवशी रजा टाकली. परीक्षकांनी एकही चूक घातली नव्हती. पोरीने तीनदा विमान धावपट्टीपाशी आणलं आणि तिन्ही वेळा न उतरवता पुन्हा वर नेलं. अर्थातच नापास. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, ‘बाबा, सगळं फारच बरोबर दिसत होतं.’

पुन्हा परीक्षेला पंधरा दिवस होते. एका शनिवारी परवानगी काढून त्याने तिला त्या विमानात बसवलं, आणि स्वतः चुकांच्या बटणांपाशी बसून, कसलीही चूक न घालता सकाळपासून दुपारपर्यंत नुसतं उतरवायला लावलं. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. आता तिची नोकरी दूरच्या शहरात आहे.

त्या शनिवारी जमलं का रे, असं मी परवा त्याला विचारलं.

‘तिला जमलं,’ तो म्हणाला. ‘माझेच हात मांडीखाली दाबून बसलो होतो.’